पडदा किती इंचांचा?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात बोलायला आम्ही गेलो होतो. विषय होता प्रकाश आणि भिंगे. जेवणाच्या सुट्टीत सातवी-आठवीला शिकवणाऱ्या एक बाई आमच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, भिंगांचं ठीक आहे, पण पालक आमच्याकडे दुसराच प्रश्न घेऊन येतात. परवा एक आई आली होती. कापसाचे थोडे पैसे हातात आले होते. म्हणाली, बाई, पोरीच्या अभ्यासासाठी फोन घ्यायचाय, साडेसहा इंची घेऊ की पावणेसात इंची? दोन हजारांचा फरक आहे. मी आपलं सांगून टाकलं, मोठा घ्या म्हणून. पण मोठा म्हणजे नक्की काय मोठं, ते मला तरी कुठे ठाऊक आहे?"

दोन हजार रुपये म्हणजे त्या घरातल्या कित्येक दिवसांच्या मजुरीचे पैसे. प्रश्न आम्हाला भिंगांपेक्षा अवघड वाटला, आणि दुपारचे सत्र आम्ही त्यावरच घेतले. लागणारे साहित्य शाळेत होतेच: जुन्या वह्यांचे पुठ्ठे, पट्टी, कात्री आणि वर्गमूळ काढता येईल असा एक गणकयंत्राचा डबा. त्या दुपारी जे उलगडले, त्यात नंतर थोडी भर घालून हा लेख लिहीत आहोत.

सुरुवात इंचापासून करू. फोनच्या खोक्यावर ६.७ इंच, किंवा त्याशेजारीच १७.०२ सेंमी, असे छापलेले असते. ही पडद्याची लांबी नव्हे, रुंदीही नव्हे, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आहे. (पडद्याचे कोपरे हल्ली गोलसर असतात, त्यामुळे कर्ण मोजताना कोपरे काटकोनी आहेत असे गृहीत धरतात. बारीक अक्षरांत ही गोष्ट कंपन्या सांगतातही. प्रत्यक्षातला पडदा थोडा कमीच भरतो.) दूरदर्शन संचाचा पडदा कर्णाने मोजायची पद्धत जुनीच आहे. तीच फोनला लागू झाली.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा. आयताचा कर्ण १७ सेंमी आहे, तर त्याचे क्षेत्रफळ किती? हुशार विद्यार्थी लगेच हात वर करील आणि उत्तर देण्याआधीच तो खाली घेईल. कारण नुसत्या कर्णावरून क्षेत्रफळ सांगताच येत नाही. १ सेंमी रुंदीची लांबलचक पट्टी कापली, तर तिचा कर्ण १७ सेंमी असू शकतो आणि क्षेत्रफळ जेमतेम १७ चौरस सेंमी भरते. त्याच कर्णाचा चौरस कापला तर क्षेत्रफळ १४४ चौ. सेंमीच्या पुढे जाते. लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर कळल्याशिवाय इंचाच्या आकड्याला अर्थ नाही, आणि खोक्यावर नेमके तेच ठळकपणे छापलेले नसते.

हे गुणोत्तर गेल्या अठरा वर्षांत बदलत गेले आहे. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंची होता आणि त्याचे गुणोत्तर ३:२ होते, म्हणजे साधारण पोस्टकार्डासारखा आकार. पुढे चित्रपट आणि दूरदर्शनला सोयीचे म्हणून १६:९ हे गुणोत्तर रूढ झाले. २०१४ च्या आयफोन ६ प्लसचा पडदा ५.५ इंची आणि १६:९ होता. २०१७ पासून पडदे आणखी उभट होऊ लागले. त्या वर्षी एलजीच्या जी-६ ने १८:९, सॅमसंगच्या एस-८ ने १८.५:९ आणि आयफोन एक्सने १९.५:९ हे गुणोत्तर आणले. आज बाजारातल्या बऱ्याच फोनचे गुणोत्तर २०:९ च्या आसपास आहे.

पायथागोरसचा सिद्धांत येथे कामाला येतो. १६:९ चा पडदा घेतला तर कर्ण होतो ३३७ चे वर्गमूळ, म्हणजे १८.३६ भाग. साडेपाच इंच म्हणजे १३.९७ सेंमी. भागाकार केला की एक भाग ०.७६ सेंमीचा येतो, आणि पडदा ६.८५ सेंमी रुंद व १२.१८ सेंमी लांब ठरतो. हेच गणित २०:९ आणि ६.७ इंचांसाठी केले तर रुंदी येते ६.९८ सेंमी आणि लांबी १५.५ सेंमी.

शिबिरात आम्ही हे दोन पुठ्ठे कापून एकावर एक ठेवले तेव्हा खोलीत क्षणभर शांतता पसरली. साडेपाच इंची आणि पावणेसात इंचांच्या जवळ जाणारा, असे हे दोन पडदे. पण रुंदीतला फरक सव्वा मिलिमीटर! वाढ झाली ती सगळी उंचीत. कर्ण २२ टक्क्यांनी वाढला, क्षेत्रफळ ८३ वरून १०८ चौ. सेंमीवर गेले, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढले, आणि रुंदी वाढली २ टक्क्यांनी. ६.७ इंची पडदा जुन्याच १६:९ आकाराचा असता, तर क्षेत्रफळ १२४ चौ. सेंमी भरले असते.

याहून गमतीची गोष्ट चलच्चित्राची आहे. शैक्षणिक चलच्चित्रे बहुतेक १६:९ आकारात असतात. फोन आडवा धरून ती पाहिली तर चित्राची उंची पडद्याच्या रुंदीइतकीच असू शकते. म्हणजे नव्या फोनवर ६.९८ सेंमी उंच आणि १२.४ सेंमी रुंद चित्र, आणि डाव्या-उजव्या बाजूंना दीड-दीड सेंमीचे काळे पट्टे. जुन्या साडेपाच इंचीवर तेच चित्र १२.१८ सेंमी रुंद होते. चित्राच्या क्षेत्रफळात वाढ झाली अवघी ४ टक्क्यांची. "म्हणजे आपण काळ्या पट्ट्यांचे पैसे देतो!" असे एक गुरुजी म्हणाले. तसे ते अगदीच खरे नाही, हे पुढे दिसेल, पण त्या क्षणी आम्हालाही ते पटले होते.

असे असताना लोकांना मोठे पडदे का हवेसे वाटतात? की ते हवेसे वाटतात असे आपण फक्त समजतो?

थोडे मागे जाऊ. मोबाईल फोनच्या पहिल्या काळात लोकांची आवड नेमकी उलटी होती. फोन जितका लहान तितका तो भारी, असे मानले जाई. २००० साली आलेल्या नोकियाच्या ३३१० या फोनच्या पडद्यावर आडवे ८४ आणि उभे ४८ एवढेच ठिपके होते आणि कोणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण फोनचे काम कानाचे होते. डोळ्याला पाहायचा तो फक्त क्रमांक आणि एखादा निरोप. यंत्राचे काम कानाकडून डोळ्याकडे गेले तशी मापाची आवड पालटली. लोक बदलले असे म्हणण्यापेक्षा काम बदलले असे म्हणणे अधिक योग्य.

हा पालट जाणकारांच्याही चटकन लक्षात आला नाही. जुलै २०१० मध्ये एका पत्रकार परिषदेत स्टीव्ह जॉब्स यांनी, मुठीत मावत नाही असा मोठा फोन कोणी विकत घेणार नाही, अशा आशयाचे विधान केले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट बाजारात आणला. कानाला लावल्यावर तो विचित्र दिसतो अशी त्याची थट्टा झाली, पण वर्ष पुरे व्हायच्या आत एक कोटी नोट विकले गेल्याचे कंपनीने जाहीर केले. आपल्याकडे २०१२ च्या अखेरीस मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास-२ आला. ५ इंचांचा पडदा आणि किंमत दहा हजार रुपयांच्या आत. २०१४ साली खुद्द ॲपलने ४.७ आणि ५.५ इंचांचे फोन काढले आणि पहिल्या तीनच दिवसांत एक कोटीहून अधिक विकले. जॉब्स यांचे २०११ मध्येच निधन झाले होते.

यातला कॅनव्हास-२ आम्हाला विशेष बोलका वाटतो. त्याच्या पडद्यावर ८५४ × ४८० ठिपके होते. पुन्हा पायथागोरस लावला तर एका इंचात १९६ ठिपके येतात. त्याआधी दोन वर्षे आलेल्या आयफोन ४ मध्ये एका इंचात ३२६ ठिपके होते, पण त्याचा पडदा ३.५ इंची होता. अर्थात दोघांच्या किमतींत मोठे अंतर होते, तरीही भरड पण मोठा पडदा लोकांनी आनंदाने घेतला, हे नोंद घेण्याजोगे आहे. त्यामागे डोळ्याचे शास्त्र आहे, आणि भिंगांच्या पाठाशी त्याचा थेट संबंध आहे.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये सुमारे एक मिनिटाचा कोन असावा लागतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. ३० सेंमी अंतरावर एवढा कोन ०.०८७ मिलिमीटर अंतर व्यापतो. इंचात ३२६ ठिपके असतील, तर दोन ठिपक्यांमधले अंतर ०.०७८ मिमी होते, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेच्या आत. याचा अर्थ, ३० सेंमीवरून पाहणाऱ्याला त्याहून बारीक ठिपके देऊन फारसा उपयोग नाही. तीन-साडेतीन इंचांच्या पडद्यात जेवढी माहिती डोळा टिपू शकत होता, तेवढी २०१० सालीच भरून झाली. त्यापुढे एका नजरेत अधिक काही दाखवायचे तर पडदाच वाढवणे भाग होते. कोणी ठरवले नाही तरी वाट याच दिशेला जात होती.

आणि ठिपके वेगळे दिसणे म्हणजे वाचता येणे नव्हे. ध आणि घ यांत फरक तो काय? शिरोरेघेतली एक छोटी फट. भ आणि म यांचेही तसेच. ब मध्ये एक तिरकी रेघ, ती काढली की व. हे बारकावे अक्षराच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढे असतात. शिवाय देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि पायाशी उकार, ऋकार. त्यामुळे एका ओळीला रोमन लिपीपेक्षा अधिक उभी जागा लागते. तेवढ्याच पडद्यावर इंग्रजी जितक्या ओळी मावते, तितक्या ओळी मराठी मावत नाही. मराठी वाचकाला मोठा पडदा हवासा वाटला, तर तो केवळ डौलाचा भाग नाही.

यात वयाचीही भर पडते. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातले भिंग इतके लवचीक असते, की सात-आठ सेंमीवर धरलेली वस्तूही ते पडदापटलावर स्पष्ट उमटवू शकते. वय वाढते तसे भिंग ताठर होते. पन्नाशीच्या आसपास आरामात वाचता येईल असे अंतर अर्ध्या मीटरच्या घरात जाते. यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. (आम्हाला ती लागली आहे. फोन लांब धरण्यासाठी हात पुरत नाही, असा दिवस येतो म्हणतात, तो अजून यायचा आहे.) ३० सेंमीऐवजी ५० सेंमीवर फोन धरला, तर अक्षराचा कोन तीन-पंचमांश होतो. तो भरून काढायला अक्षर पावणेदोनपट, निदान एक पूर्णांक दोन-तृतीयांशपट मोठे हवे. अक्षर एवढे मोठे केले की पाच सेंमी रुंदीत मराठीचे दोन-तीन शब्दच मावतात आणि वाक्य ठेचकाळत जाते. घरात फोन विकत घेणारा माणूस बहुधा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक कारण पडद्यामागे दडलेले आहे. फोनची जाडी ८ मिमीच्या आसपास ठरलेली असते, कारण जाड फोन कोणाला आवडत नाही. ११.५ × ६.१ सेंमीचा फोन घेतला तर त्याचे घनफळ सुमारे ५६ घन सेंमी भरते. १६.३ × ७.६ सेंमीच्या फोनचे भरते ९९. समजा, मंडल, कॅमेरे, कर्णा आणि बाहेरचे कवच मिळून दोन्ही फोनांत ३० घन सेंमी जागा घेतात. मग विद्युतघटासाठी लहान फोनात उरले २६ आणि मोठ्यात ६९ घन सेंमी. पडदा वाढला पावणेदोनपट, त्याला लागणारी वीजही साधारण तितक्याच पटीने वाढेल, पण घटाला जागा मिळाली अडीचपटीहून अधिक. आमचा ३० चा आकडा ढोबळ आहे. तो २५ किंवा ३५ घेऊन विद्यार्थ्यांना गणित पुन्हा करायला सांगा, निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. मोठा फोन दिवसभर टिकतो आणि बनवणाऱ्याला सगळे भाग कोंबून बसवण्याची कसरत करावी लागत नाही. दोन्ही बाजूंचा फायदा.

आता आवडीचा प्रश्न. लोक मोठे फोन घेतात म्हणून लोकांना मोठे पडदे आवडतात, असे म्हणता येईल का? प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, की एका वेळी एकच गोष्ट बदला. लोलकाचा दोरा लांब केला आणि गोळाही बदलला, तर आवर्तकाल कशामुळे बदलला हे सांगता येणार नाही. फोनच्या दुकानात नेमके हेच होते. मोठ्या पडद्याबरोबर मोठा घट येतो, पुष्कळदा अधिक चांगला कॅमेरा येतो. माणूस कॅमेऱ्यासाठी पैसे देतो आणि विक्रीच्या आकड्यांत त्याची नोंद पडद्याचा चाहता म्हणून होते.

या बाबतीत एक जवळजवळ प्रयोग म्हणता येईल अशी घटना घडली. २०२० साली ॲपलने आयफोन १२ बरोबर त्याचाच ५.४ इंची धाकटा भाऊ, १२ मिनी, काढला. आतली यंत्रणा आणि कॅमेरे तेच, वजन फक्त १३५ ग्रॅम. लहान फोन हवा म्हणून वर्षानुवर्षे मागणी करणाऱ्यांना उत्तरच जणू. २०२१ मध्ये १३ मिनी आला. २०२२ मध्ये मात्र १४ मिनी आला नाही, त्याच्या जागी ६.७ इंची १४ प्लस आला. २०२५ च्या सुरुवातीला जुन्या घडणीचा ४.७ इंची एसई बंद होऊन ६.१ इंची १६-ई त्याच्या जागी आला. मिनीला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत, हे उघड आहे. पण एक लक्षात घ्यायला हवे, त्याचा घटही लहान होता. तेव्हा हाही शुद्ध प्रयोग नव्हे. आमचे मत विचाराल, तर बहुसंख्यांना मोठा पडदा खरोखरच हवा आहे. मात्र लहान हवा असणारे लोक नाहीतच, असे यातून सिद्ध होत नाही. ते होते आणि आहेत. कारखाना चालवण्याइतके नव्हते, एवढेच.

दुकानातल्या पाहण्याचाही परिणाम होतो. तेथे फोन काचेवर शेजारी शेजारी मांडलेले असतात, आणि शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंतला फरक डोळ्याला वाजवीपेक्षा ठसठशीत भासतो. दुकानदार म्हणतो, "काका, हा बघा आणि हा बघा," की लहान पडदा एकदम केविलवाणा दिसू लागतो. घरी मात्र फोन एकटाच असतो. तेथे त्याची तुलना खिशाशी, पर्सशी आणि हाताच्या पंजाशी होते.

या पंजाबद्दल २०१३ साली स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने फार साधी गोष्ट केली. रस्त्यावर, बसथांब्यांवर, उपाहारगृहांत फोन वापरणाऱ्यांना न विचारता नुसते पाहिले. अशी १,३३३ निरीक्षणे त्याने नोंदवली. पडद्याला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने काम करत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, आणि १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा बरेच लहान होते. हे निरीक्षण विद्यार्थ्यांना गावच्या बसस्थानकावर करता येईल. खर्च वही-पेन्सिलीचा. नोंद करताना कोणाचे नाव, चेहरा, फोनवरचा मजकूर काहीही टिपायचे नाही, ही शिस्त आधी सांगावी.

अंगठ्याची पोच मोजायला पतंगाचा पातळ कागद फोनएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. पुठ्ठा एका हातात नेहमीसारखा धरून त्याच हाताच्या अंगठ्याला शाई लावून पुसत जा. पंख्याच्या पात्यासारखा एक डाग उमटतो. १६.३ × ७.६ सेंमीच्या पुठ्ठ्यावर शिबिरातल्या बहुतेकांच्या अंगठ्याला समोरचा वरचा कोपरा गाठता आला नाही, आणि बाईंचे डाग गुरुजींच्या डागांपेक्षा एकंदरीत लहान होते. स्त्रियांचे पंजे सरासरीने लहान असतात, तरी फोनचे माप मात्र सर्वांना एकच. कॅरोलाइन क्रियाडो पेरेझ यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा मांडला आहे. कंपन्यांनाही अडचण ठाऊक आहे. २०१४ च्या मोठ्या आयफोनात बटणाला दोनदा हलका स्पर्श केला, की पडद्यावरचे चित्रच अर्धे खाली सरकत असे. २०२१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या न्याहाळकाची पत्ता लिहायची पट्टी वरून काढून तळाशी आणली. हात वाढवता येत नाही म्हणून पडद्यावरच्या गोष्टी खाली उतरवल्या. २०१९ पासून आलेले घडीचे फोन हीही याच अडचणीतून काढलेली एक महाग वाट आहे.

टंकताना मात्र रुंदीच कामी येते. रोमन कळफलकाच्या वरच्या ओळीत दहा कळी असतात. ३.५ इंची पडद्यावर एका कळीच्या वाट्याला ५ मिमीहून थोडी कमी जागा येई, आज सुमारे ७ मिमी येते. लक्ष्य जितके रुंद तितके ते लवकर आणि अचूक गाठता येते, हा पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासून फोन हे कित्येक घरांतले एकमेव अभ्यासाचे पान झाले आणि शाळा उघडल्यावरही ते पूर्णपणे गेले नाही. पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, शिक्षक प्रश्नपत्रिका फोनवर पाठवतात. येथे एक फरक समजून घ्यायला हवा. साधा निरोप पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपल्या ओळी मोडून घेतो. पीडीएफचे पान तसे करत नाही. ते छायाचित्रासारखे जसेच्या तसे लहान होते.

प्रश्नपत्रिकेचा ए-४ कागद २१ सेंमी रुंद असतो. ६.९८ सेंमी रुंद पडद्यावर तो एक-तृतीयांश होतो. बारा बिंदूंचे अक्षर उरते चार बिंदूंचे. कागदावर शिरोरेघेपासून पायापर्यंत २ मिमी असलेले अक्षर पडद्यावर ०.७ मिमी होते. ३० सेंमीवरून त्याचा कोन आठ मिनिटांचा, आणि ध-घ मधली फट दीड मिनिटाची. डोळ्याची शेवटची मर्यादा एक मिनिट. म्हणजे निरोगी डोळ्याला ते कसेबसे दिसेल, पण सलग वाचायला मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट तरी हवे. मग मूल काय करते? फोन डोळ्यांजवळ नेते. त्याचे भिंग लवचीक असल्याने त्याला ते जमतेही, आणि त्रास होतो आहे हे कोणाला कळत नाही. तासन् तास जवळून वाचणे आणि मैदानावर कमी वेळ घालवणे यांचा लघुदृष्टीशी संबंध आढळला आहे.

साडेसहा आणि पावणेसात इंचांचे गणित बाईंनी स्वतः फळ्यावर केले. दोन्ही पडदे २०:९ धरून रुंदी आली ६.७७ आणि ७.०४ सेंमी. फरक २.६ मिमी. बारा बिंदूंचे अक्षर एकावर ३.९ बिंदूंचे, दुसऱ्यावर ४.० बिंदूंचे. दोन हजार रुपयांत एक-दशांश बिंदू!

तेवढ्यात काळ्या पट्ट्यांचे गुरुजी म्हणाले, "पण सर, फोन आडवा धरला तर?" आणि आमच्या गणितातली राहून गेलेली बाजू समोर आली. आडव्या फोनवर पान लांबीइतके रुंद होते. साडेसहा इंचीची लांबी १५.०६ सेंमी. बाराचे अक्षर ८.६ बिंदूंचे उरते, त्याचा कोन सोळा मिनिटांच्या वर जातो आणि वाचन सुखाचे होते. जुन्या साडेपाच इंची पडद्यावर असेच केले तर अक्षर ७ बिंदूंचे झाले असते. म्हणजे चलच्चित्राला निरुपयोगी ठरलेली ती वाढीव लांबी वाचनाला उपयोगी पडते. एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच दिसतो, सरकवत जावे लागते, पण धडा तसाही वरून खालीच वाचायचा असतो. पावणेसात इंचीवर तेच अक्षर ८.९ बिंदूंचे. फरक याही वेळी नगण्यच. प्रश्नपत्रिका टंकतानाच अर्ध्या कागदाच्या मापाची पाने घेतली तर काय होईल, हे आम्ही शिक्षकांना करून पाहायला सांगितले.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. त्या आईने तोवर फोन घेतलाही होता, पावणेसात इंचीच. मुलगी आता पुस्तकाचे पान आडवे धरून वाचते. "पण सर," बाई म्हणाल्या, "फोन आडवा केला तरी पान उभंच राहायचं, म्हणून तिनं आधी नाद सोडून दिला होता. फिरण्याचं कुलूप लावलेलं होतं, दुकानातूनच. ते मी काढून दिलं. आता वर्गातल्या बाकीच्या पोरांचे फोन मागवून बघतेय, कोणाकोणाचं कुलूप लागलेलं आहे ते."